बसलीय की चांगली

आमच्या घरात माणसाच्या तब्येतीच्या तीनच तऱ्हा. उभं असेल तर कामाचं, बसलं असेल तर चांगलं आणि पडलं असेल तर आजारी. चौथी तऱ्हा नाही. मी दवाखान्यात इतकी वर्षं नर्स आहे. छातीत कळ आलेले, धाप लागलेले, तोंड वाकडं होऊन आलेले, सगळे माझ्या हाताखालून गेलेत. पण घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की माझं शिक्षण चपलांबरोबर बाहेर राहतं. आत येते ती नुसती सून, आणि सुनेनं सांगितलेलं कोण ऐकतंय!

मळणीचे दिवस होते. मशीन एकच आणि शेतं ढीगभर. वाट बघून बघून आमची पाळी आली, तर नेमकं आभाळही भरून यायला लागलं. आता घरात कोणी रिकामं दिसलेलं चालणार नव्हतं. मी सकाळची ड्यूटी संपवून कपडे न बदलता तशीच खळ्यावर गेले. सासूबाई भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवत बसल्या होत्या. एका हातात दाभण, दुसऱ्या हातात सुतळी. एक टाका घालायच्या आणि थांबायच्या. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायच्या, मग पुढचा टाका. पूर्वी ही बाई बोलता बोलता, कोणाला तरी शिव्या घालता घालता पोतं शिवून मोकळी व्हायची.

"आल्या सिस्टरबाई," त्या म्हणाल्या. एवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागलं.

"आई, पाय दाखवा."

"कशाला? पाया पडतेस?"

मजुरीला आलेल्या बाया हसल्या. मी खाली बसले आणि त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच, वर येईना. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

"ही सूज आजची नाही."

"दिवसभर पाय लोंबकळत ठेवले तर येणारच की."

"आणि धाप?"

"धूळ आहे. तुला दिसत नाही का धूळ?"

"पहाटे भिंतीला टेकून बसला होतात. आडव्या का होत नाही?"

"आडवी झाले की खोकला येतो. बसल्या बसल्या डोळा लागतो माझा." त्यांनी सुतळी दातानं तोडली. "आणि आडवी कशाला होऊ? तुला काय मला पडलेली बघायचीय?"

आता हे ऐकून कोणत्या नर्सचं डोकं ठिकाणावर राहील? झोपलं की गुदमरतं आणि बसलं की बरं वाटतं, म्हणजे छातीत पाणी चढतंय. हे आमच्याकडे शिकाऊ मुलीही झोपेत सांगतील. मी पोती रचत असलेल्या माझ्या दिराकडे गेले. हा नवऱ्याचा धाकटा भाऊ. गावात सगळे त्याला पैलवान म्हणतात. कुस्ती कधी खेळला नाही, पण भरलेलं पोतं उशीसारखं उचलतो.

"भावजी, आईंना आजच्या आज दवाखान्यात न्यायला हवं. त्यांचं हृदय दमलंय."

पैलवानांनी आईकडे पाहिलं. "बसलीय की चांगली."

"बसल्यात म्हणूनच म्हणतेय! त्यांना पडवत नाहीये!"

"मग चांगलंच आहे ना, वहिनी. पडली असती तर काळजी."

मी कपाळावर हात मारून घेतला. "विहिरीवरची मोटर दमली की काय होतं? पाणी पुढे जात नाही, मागे साचतं. तसं आधी पायात साचलंय आणि आडवं झालं की छातीत येतंय."

"माझी मोटर ठीक आहे," सासूबाई तिकडून ओरडल्या. कान मात्र शाबूत होते. "तुझ्या डोक्यातल्या तारा बघ आधी."

राहता राहिले आमचे हे. ह्यांच्याकडे कसल्याही प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते ट्रॅक्टरवर बसून आभाळाकडे बघत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट, मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, "बघू. एवढी मळणी होऊ दे."

मीही मग तोंडाची वाफ दवडली नाही. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मनात म्हटलं, उद्या हाताला धरून नेईन, मग काय व्हायचं ते भांडण होवो.

पण दुसऱ्या दिवशी भांडायलाही वेळ मिळाला नाही. सकाळपासून मशीन धडधडत होतं. ट्रॅक्टरला पट्टा लावलेला, भुसा तोफेतून उडाल्यासारखा पलीकडे पडत होता आणि कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं. मी खळ्याच्या कडेला चुलीवर सगळ्यांचा चहा ठेवला होता. गाळायला वाकले आणि सरळ होऊन बघते तर पोत्यांपाशी गर्दी.

धावत गेले. सासूबाईंना ताडपत्रीवर उताणं पाडलं होतं. पैलवान त्यांचे खांदे दाबून बसले होते, दोन बायांनी पाय धरले होते आणि एक शहाणी तांब्या घेऊन त्यांच्या तोंडात पाणी ओतायच्या तयारीत होती. सासूबाई उठायला बघत होत्या. डोळे बाहेर आलेले, ओठ जांभळे, मान वर उचलत होत्या आणि पैलवान ती परत खाली दाबत होते.

"झटका आलाय! नीट धरा!" त्यांच्या तोंडाच्या हालचालीवरून मला समजलं. आवाज मशीननं गिळला होता.

"बसवा!" मी ओरडले.

कोणाला काही ऐकू गेलं नाही. मी तांबेवालीचा हात झटकला, पैलवानांच्या पाठीत गुद्दे घातले. त्यांना वाटलं, मी सासूसाठी ऊर बडवतेय. त्यांनी मलाच थोपटलं! तेव्हा मात्र मी तिथून पळत सुटले, ट्रॅक्टरवर चढले आणि ह्यांना बाजूला ढकलून तो बंद केला. पट्टा कुरकुरत थांबला. सगळं खळं एकदम गप्प झालं आणि त्या शांततेत माझा आवाज पार पलीकडच्या शेतापर्यंत गेला.

"अरे बसवा तिला, मेल्यांनो! बुडतेय ती!"

सासूला मी एकेरीवर आणलं, दिराला मेल्या म्हटलं, सगळं एकाच दमात झालं. पण पैलवानांचे हात सुटले. सासूबाई उसळून उठल्या. मी त्यांना पोत्यावर बसवलं, पाय खाली सोडले, गळ्याचं बटण तोडलं आणि पैलवानांना त्यांच्या मागे पाठीला पाठ लावून बसायला सांगितलं. श्वासाबरोबर छातीत पाणी उकळल्यासारखी घरघर होत होती. ओठांच्या कडेला गुलाबी फेस आला होता. अंग गार आणि घामानं भिजलेलं. मी हे सगळं शंभर माणसांवर पाहिलंय, पण त्यातल्या एकानंही कधी माझं मनगट असं धरलं नव्हतं. नखं रुतली होती.

"हळू श्वास घ्या, आई. माझ्याकडे बघा. मी इथेच आहे."

"असा एकदम ट्रॅक्टर बंद करतात का?" मशीनवाला म्हणाला. "पट्टा निसटून कोणाच्या तोंडावर बसला असता."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका आली. तिचा चालक उतरला, त्यानं मागचं दार उघडलं, स्ट्रेचर ओढून काढलं आणि म्हणाला, "घ्या, आडवं करा पेशंटला."

"ह्या आडव्या होणार नाहीत. बसूनच न्यायचंय."

"बसून नेता येत नाही, ताई. पेशंट आडवाच न्यायचा असतो."

"मी नर्स आहे."

"असाल. पण बसलेला पेशंट नसतो, पॅसेंजर असतो. रस्त्यात पडल्या तर माझी नोकरी जाईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या लांबून, तेही एका अनोळखी माणसाच्या तोंडून आमच्या घरातलंच बोलणं ऐकू यावं, म्हणजे काय म्हणायचं! "मग असं करा," मी म्हटलं, "स्ट्रेचरवर मी पडते. पेशंट हवा ना आडवा? त्यांना माझी नातेवाईक म्हणून शेजारी बसवा."

त्यानं वाद सोडला. स्ट्रेचरची पाठ वर उचलता येत होती, पण तिची खिटी तुटलेली, ती परत धाडकन खाली यायची. म्हणून पैलवानांनाच मागे चढवलं आणि पाठ म्हणून बसवलं. मी ऑक्सिजनचा मास्क सासूबाईंच्या तोंडाला लावला, नळकांड्याकडे हात नेला आणि बघते तर ते उघडायची किल्लीच नाही.

"किल्ली?"

"दुसऱ्या गाडीत राहिली असेल," चालक म्हणाला.

मला रडावं की त्याला धरून बडवावं कळेना. "अहो!" मी ह्यांना हाक मारली. "पाना! ट्रॅक्टरच्या पेटीतला पाना आणा!"

एकदाही बघू न म्हणता हे धावले. पाना घेऊन आले, तर तो ग्रीसनं माखलेला आणि ह्यांचे हात कोपरापर्यंत काळे.

"असा नका लावू! ग्रीस आणि ऑक्सिजन एकत्र आलं तर भडका उडेल!"

त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि पाना पुसत बसले. पुसतायत, पुसतायत. मी तो हिसकावला, साबणाच्या पाण्यानं धुतला, कोरडा केला, नळकांडं उघडलं. फुस्स आवाज आला आणि मास्कवर वाफ धरली. माझ्या मनगटावरची सासूबाईंची बोटं जराशी सैल झाली.

"चला, चढा," मी ह्यांना म्हटलं.

त्यांनी खळ्याकडे पाहिलं. अर्धा ढीग मळायचा होता. मग आभाळाकडे पाहिलं. मग आईकडे. "तू आहेस ना," ते म्हणाले. "मी इथलं बघतो."

माणूस वाईट नाही हो. पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा इन्चार्ज सिस्टर दारातच उभी होती. तिनं सासूबाईंना पाहिलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. पलंगाची पाठ ताठ उभी केली, घट्ट मास्कचं मशीन ओढलं, डॉक्टरीणबाईंना हाक मारली. सुई लागली, छातीतलं पाणी उतरवायचं इंजेक्शन गेलं, लघवीची नळी घातली. सासूबाई मास्क ओढायला लागल्या. मी पुढे झाले तर सिस्टरनं मला कोपरानं मागे सारलं.

"आज तू नातेवाईक आहेस. बाजूला हो."

"अगं पण त्यांना—"

"बाजूला."

हे वाक्य मी स्वतः कित्येकांना ऐकवलंय. ऐकताना असं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. भिंतीला चिकटून उभी राहिले. हात कुठे ठेवावे समजेना.

थोड्या वेळानं लघवीची पिशवी फुगायला लागली. ती बघून माझा जीव भांड्यात पडला. पैलवान मात्र पांढरेफटक पडले.

"वहिनी, हिचं सगळं पाणी चाललंय!"

"चालू द्या. तेच छातीत होतं."

"एवढं?"

"एवढं."

ते वाकून पिशवीकडे बघत राहिले. सिस्टर पिशवी रिकामी करायला आली तेव्हा त्यांनी तिला नमस्कारच केला. त्यांना हसावं, तर तेही धड येईना.

संध्याकाळपर्यंत घरघर कमी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय खूपच थकलंय. आज तग धरला, पण एवढ्यानं संपलं नाही. परत पाणी चढलं तर अवघड होईल. उशाकडची बाजू वरच ठेवायची." हे त्यांनी पैलवानांसमोर सांगितलं. पैलवानांनी मान डोलावली. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी काय झालं ते ऐका.

मी चार घास खायला गेले होते. पैलवानांना म्हटलं, बसा जवळ, कशाला हात लावू नका. परत येते तर पलंग सपाट! पायाशी ते फिरवायचं दांडकं असतं, ते पैलवानांनी गरगर फिरवून पाठ पार खाली आणली होती. सासूबाई पुन्हा निळ्या पडत होत्या, हात हवेत मारत होत्या आणि पैलवान त्यांच्या अंगावर प्रेमानं पांघरूण घालत होते.

"मान लटकत होती हो तिची," ते म्हणाले. "म्हटलं, नीट झोपेल."

मी दांडक्यावर झेप घेतली आणि ओरडले. काय ओरडले ते मलाही आठवत नाही. बसवा, बसवा, बसवा एवढंच असावं. शेजारच्या वॉर्डातून माणसं आली. सिस्टरनं धावत येऊन पुन्हा मास्क लावला, पुन्हा इंजेक्शन दिलं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. वाटलं, आता गेल्या. हातातोंडाशी आलेलं माणूस या शहाण्यानं मायेनं घालवलं.

"बसवायचं!" मी पैलवानांची कॉलर धरून म्हटलं. "काय करायचं?"

"बसवायचं."

"परत म्हणा."

"बसवायचं, वहिनी." ते लहान पोरासारखे रडत होते.

सासूबाई त्याही तडाख्यातून वर आल्या. माझा आवाज मात्र गेला. दवाखान्यात, खळ्यात, गाडीत, सगळीकडे बसवा बसवा म्हणून ओरडले आणि शेवटी काय बसलं, तर माझा घसा. तोंडातून नुसती हवा यायची. सिस्टर म्हणाली, "बरं झालं. वॉर्डाला जरा शांतता." मी तिला डोळ्यांनीच काय द्यायच्या त्या शिव्या दिल्या.

मग पाऊस आला. मशीनवाला आमचं अर्धं काम टाकून आधीच पुढच्या शेतात गेला होता. उरलेलं धान्य भिजलं, ते उलटंपालटं करून वाळवायला पैलवानांना गावी जावं लागलं. मी एकटी सासूबाईंजवळ होते. दोन्ही पायांची सूज उतरली होती, कातडी सुरकुतून घोट्याची हाडं दिसायला लागली होती. बोलताना त्या थांबत नव्हत्या. मीठ बंद केल्याबद्दल त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार एका श्वासात केला, आणि मला तो इतका गोड लागला की काय सांगू.

अशाच एका दुपारी त्या म्हणाल्या, "मान अवघडली ग. जरा खाली कर."

मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन खुणेनं विचारलं. त्यांनी छाती तपासली आणि म्हणाल्या, "करून बघ. हळूहळू. त्रास झाला तर लगेच वर."

मी दांडकं थोडंसं फिरवलं. थांबले. त्यांच्या ओठांकडे पाहिलं. आणखी थोडं फिरवलं. त्या काही बोलल्या नाहीत. खोकला नाही. नाकपुड्या फुलत नव्हत्या. असं करत करत पलंग जवळजवळ सपाट झाला आणि सासूबाईंनी लांबलचक उसासा टाकला. पाय ताणले. किती महिन्यांनी त्यांची पाठ अंथरुणाला लागली होती, देव जाणे. बघता बघता तोंड उघडं टाकून त्या गाढ झोपल्या. मला वाटलं, बाहेर जाऊन रस्त्यातल्या प्रत्येकाला धरून सांगावं, की आमच्या सासूबाई पडल्यात.

तेवढ्यात पैलवान आले. मागे हेही होते, पायांना चिखल तसाच. पैलवानांनी दारातून पलंगाकडे पाहिलं. आई उताणी, तोंड उघडं, मान बाजूला. त्यांनी असा हंबरडा फोडला की समोरच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली.

"पडली! आई पडली!"

मी दोन्ही हात हलवले. नाही, नाही! तोंडातून फक्त हवा आली.

"बघत काय उभ्या राहिलात, वहिनी? बसवा! तुम्हीच सांगितलं ना! बसवा!" ते धावत आले आणि त्यांनी झोपलेल्या आईच्या काखांत हात घातले. मी त्यांचा शर्ट ओढला, दंडावर चापट्या मारल्या. पोती उचलणारा हात तो, त्याला काय कळतंय! आमचे हे दुसऱ्या बाजूनं उशी खोचायला धावले. जन्मात एकदा शिकवलेलं दोघांच्या डोक्यात शिरलं होतं आणि ते असं उलटं बाहेर पडत होतं. मी खरंच हात टेकले.

अर्ध्या उचललेल्या सासूबाईंनी डोळे उघडले.

"मेल्या, काय चाललंय?"

"तुला बसवतोय, आई."

"का?"

"पडली होतीस."

"झोपले होते." त्यांनी पैलवानांच्या हातावर फटका दिला. "सोड."

"पण बसवायचं असतं—"

"तिला विचार आधी."

पैलवानांना कळलं नाही. "कोणाला?"

"ही उभी आहे ना समोर, तिला. घरात दुसरी सिस्टर आहे का कोणी? ती सांगेल तसं कर."

ह्यांच्या हातातली उशी तशीच राहिली. आईला काखेत धरूनच पैलवान माझ्याकडे वळले. ह्यांनीही माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून या घरात मी किती बोलले, किती घसा फोडला, पण माझ्या तोंडाकडे असं कोणी बघत थांबलं नव्हतं.

"काय करू, वहिनी?"

सांगायचं खूप साठलं होतं. पायावरचा खड्डा, ताडपत्री, पलंगाचं दांडकं, एकेकाला धरून ऐकवायचं होतं. आणि आवाज नव्हता. मी हाताचा पंजा हळूहळू खाली नेला. पैलवानांनी तेवढ्याच हळू आईला खाली ठेवलं. मी उशी सरळ केली. सासूबाईंनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं आणि लगेच घोरायला लागल्या.

पैलवान माझ्या कानाशी आले. "घोरतेय. हे चांगलं की वाईट?"

मी मान डोलावली, चांगलं. ते खाली फरशीवर बसले, हेही त्यांच्या शेजारी टेकले आणि दोघं पुढचं काय ते विचारायला माझ्याकडेच बघत राहिले. मीही स्टुलावर बसले. मला रडू आलं, पण त्यालाही आवाज नव्हता.